मधोमध बंद पडणारी बोट

"पडलं वाटतं परत बंद," ठकूआजी म्हणाली.

पडलंच होतं. इंजिनाचा आवाज आधी जड झाला, मग दोन गचके बसले आणि बोट गप्प झाली. कोयनेच्या पाण्याच्या बरोबर मधोमध. बोटीत अकरा माणसं होती, दोन शेळ्या होत्या आणि बामणोलीच्या बाजारातून भरून आणलेली पोती. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कुणाकडंच बघितलं नाही. टाकीचं झाकण फिरवून काढलं, आत काठी घातली. डिझेल अर्ध्याच्या वर होतं. काठी पुसली, झाकण लावलं आणि हँडल हातात घेतलं.

"थांब," ठकूआजी म्हणाली. "आदी नारळ."

"आजी, नारळानं इंजन चालत न्हाई."

"मग मागच्या बाजारला कशानं चाललं?"

मागच्या बाजारच्या दिवशी तिनं पाण्यात नारळ सोडला होता, त्यानंतर मी हँडल मारलं होतं आणि इंजिन लगेच सुरू झालं होतं. तिनं पिशवीतून नारळ काढला, कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. मी हँडल फिरवलं. दुसऱ्या फेऱ्यालाच इंजिन धडधडायला लागलं. आजीनं हात जोडले. तिचं बघून बाकीच्यांनीही जोडले. माझी बायको हौसा मागच्या फळीवर बसली होती. तिनं जोडले नाहीत. ती टाकीकडं बघत होती.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. धरण झालं तेव्हा आमचं जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि उरलेली माणसं वर डोंगराच्या कडेला येऊन राहिली. गावदेवीचं देऊळही खालीच राहिलं. ठकूआजीचं म्हणणं असं, की बोट बंद पडते ती नेमकी देवळाच्या डोक्यावर. देवीचं काहीतरी राहिलंय, म्हणून ती अडवते. महिन्याभरात हे अलीकडच्या वाड्यांना ठाऊक झालं आणि पलीकडच्या काठालाही पोचलं.

बोट घेण्याआधी मी सोळा वर्षं मुंबईत मस्जिद बंदरला माथाडी होतो. गावच्या बावीस माणसांच्या गाळ्यात राहायचो आणि त्या बावीस जणांचा स्वयंपाक हौसा करायची. शेवटच्या वर्षी पोतं उचलताना पाठीत असं काही भरलं, की तीन महिने जमिनीवर झोपून काढले. डॉक्टर म्हणाला, ओझं बंद. ओझं बंद म्हणजे मुंबई बंद. तेवढ्यात गावाकडून कळलं, की शेजारच्या वाडीतले गेनूतात्या सपकाळ बोट विकतायत.

गेनूतात्यांनी ती चौदा वर्षं चालवली होती. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालले होते. काठावरचं माणूस आवाज दिल्याशिवाय ओळखू येईना, तेव्हा त्यांनी स्वतःहून हात आवरला. व्यवहार झाल्यावर त्यांनी आठ दिवस मागून घेतले आणि बोट रंगवून दिली. सगळी निळी आणि वर पांढरा पट्टा.

मी म्हणालो होतो, "कशाला तात्या एवढा तरास?"

"नवी म्हणून ने," ते म्हणाले. "जुनी म्हणून कशाला नेतोस?"

पलीकडच्या पहिल्याच खेपेपासून ती बंद पडायला लागली.

मेढ्याहून मिस्त्री बोलावला. त्यानं काठावर दहा मिनिटं इंजिन चालवलं, कान लावून ऐकलं, गाळणी बदलली, नळी फुंकून साफ केली आणि म्हणाला, "चांगलं हाय की. कायबी दोष न्हाई."

"दोष मधी गेल्यावर दिसतो," मी म्हणालो. "चला मधी."

"मला पवता येत न्हाई," मिस्त्री म्हणाला आणि हत्यारं पिशवीत भरली.

दुसऱ्यांदा आला तेव्हाही तसंच. काठावर इंजिन गुणी लेकरासारखं चालायचं. काठाकाठानं पाव तासाच्या वाडीला जाऊन यायचो तेव्हाही काही नाही. पण पलीकडं निघालो, की मधोमध खलास. येतानाही तेच. मी प्रत्येक वेळी झाकण काढायचो, डिझेल बघायचो, हँडल मारायचो आणि ती चालू व्हायची. का बंद पडली ते कळायचं नाही आणि का चालू झाली तेही नाही.

चार-पाच वेळा असं झाल्यावर माणसं कमी होऊ लागली. वारा सुटला की मधोमध बंद बोट कुठंही ढकलली जाते. आमच्या बाजूला बुडालेल्या झाडांची खोडं अजून उभी आहेत, पाणी उतरलं की ती टोकं वर काढतात. त्यांच्यावर आदळली तर फळ्या फुटायच्या. लहान मूल असलेल्या बायका आधी थांबल्या, मग मास्तर थांबले. दोन तास जंगलातून चालत जाऊन माणसं दुसरी लाँच धरू लागली. एका बाजाराला मी रिकामी बोट घेऊन गेलो आणि रिकामी घेऊन आलो.

त्या दिवशी मी घरी येऊन हौसाला म्हणालो, "मी मुकादमाला निरोप धाडतो. हलकं काम दे म्हणतो."

"माथाडीत हलकं काम कुटं असतं?"

"मग काय करू?"

ती चुलीपुढं बसली होती. तिनं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "मला एक वाटतंय. तुमी परत्येक येळंला आदी..."

"तुला इंजनातलं काय कळतंय गं?" मी म्हणालो.

तिनं फुंकणी उचलली. खरं सांगायचं तर मला त्या वेळी कुणाचंच ऐकायचं नव्हतं. माझ्या मनात एकच गोष्ट पक्की बसत चालली होती. गेनूतात्यांना हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच त्यांनी बोट विकली आणि वरून रंग फासला. डोळ्यांचं निमित्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोट काढली. हौसा न विचारता येऊन बसली. काठाकाठानं आम्ही सपकाळांच्या वाडीला गेलो. पाव तासाचं अंतर, इंजिन कुठंही अडलं नाही. त्यानं माझा राग आणखी वाढला.

तात्यांच्या ओटीवर पाच-सहा माणसं बसली होती. स्वच्छ टोप्या, नवीन घोंगडी, मधे पानाचं तबक. ते पाहुणे आहेत आणि कुठल्या कामाला आलेत हे मला दिसायला हवं होतं. हौसाला दिसलं. तिनं मागून माझी बाही धरली. मी ती सोडवून घेतली.

"तात्या, तुमी मला फसवलंत," मी अंगणातूनच म्हणालो.

तात्यांनी मान वळवली. डोळे बारीक करून आवाजाच्या दिशेनं बघितलं. "कोण, आनंदा? ये, वर ये."

"मी वर येत न्हाई. बोट मधोमध बंद पडती. तुमाला ठावं हुतं. ठावं आसून माझ्या गळ्यात मारलीत. वर रंग देऊन."

दारात तात्यांची नात उभी होती, नवं लुगडं नेसून, हातात पाण्याचा तांब्या. ती आत गेली. पाहुण्यांतले वडीलधारे धनावडे अण्णा सुपारी कातरत होते, त्यांचा अडकित्ता थांबला. तात्यांची बायको बाहेर येऊन म्हणाली, "आरं, पावनं बसल्यात. पोरीला बगायला आल्यात. उद्या ये की."

तेव्हा मला कळलं. पण तोंडातून सुटलेलं परत कसं घेणार? मी तसाच उभा राहिलो.

तात्या बसल्या जागेवरून म्हणाले, "किती येळानं बंद पडती?"

"मधी गेल्यावर."

"जागा न्हाई इचारली. येळ इचारला."

मी कधी मोजला नव्हता. मागून हौसा म्हणाली, "वीस-पंचवीस मिंटं हुत्यात, तात्या."

तात्या उठले. "पावनं, तुमी जेवून घ्या. मी बोट बगून येतो."

"आवं, दिसत न्हाई धड आन कुटं निगाला?" त्यांची बायको म्हणाली.

"बोट बगायला डोळं कशाला लागत्यात?"

काठापर्यंतची उतरण दगडांची होती. मी पुढं चालत राहिलो. हौसानं त्यांचा हात धरून त्यांना खाली आणलं. ते तिला प्रत्येक दगडाला "आता डावीकडं आसंल बग" असं सांगत होते आणि दगड खरंच डावीकडं असायचा.

बोटीत चढल्यावर तात्यांनी सगळ्यावरून हात फिरवला. इंजिन, नळी, पट्टा, सुकाणूचा दांडा. मी निघण्याआधी झाकण काढून डिझेल बघितलं, भरपूर होतं. निघालो. तात्या इंजिनाजवळ बसून ऐकत होते आणि मधेच म्हणायचे, "झाक चालतंय." मला ते बोलणं सहन होईना.

काही वेळानं मी म्हणालो, "आता बगा. देवळावर आलो की थांबतंय."

"कुटल्या देवळावर?"

"गावदेवीच्या."

"देऊळ हितं कुटं आलं?" तात्या म्हणाले. "ते तिकडं, वढ्याच्या अंगाला. मी चोवीस वर्षांचा हुतो पाणी आलं तवा. हितं खाली आमची भातखाचरं हुती."

ते हे बोलतायत तोवर आवाज जड झाला. तात्यांची मान झटकन इंजिनाकडं वळली. एक गचका, दुसरा गचका, आणि सगळं शांत. पाण्याचा फळीवर चुबकचुबक आवाज येऊ लागला.

मी तात्यांच्या तोंडाकडं बघितलं. चोरी उघडी पडलेल्या माणसाचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं. पण तसं काही नव्हतं. आपलं लेकरू कुणीतरी मारलेलं ऐकल्यासारखा तो माणूस बसला होता.

"चौदा वर्षांत," ते हळूच म्हणाले, "असं न्हाई केलं तिनं."

मी झाकणाला हात घातला.

"थांबा," हौसा म्हणाली. "उगडू नका ते."

"डिझेल बगतो."

"निगताना बगितलंय. भरलेलं हाय. न उगडता हँडल मारा."

"त्यानं काय हुनार?"

"काय हुतंय तेच बगायचंय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ती उठून माझ्या आणि टाकीच्या मधे उभी राहिली. "तुमी परत्येक येळंला आदी झाकण काढता आन मग ती चालू हुती. घरी सांगत हुते ते हेच. आज काढू नका."

"मार," तात्या म्हणाले. "पोरगी म्हणती तसं मार."

मी हँडल मारलं. इंजिन नुसतं फिरलं, पेटलं नाही. पुन्हा मारलं. पाच वेळा, आठ वेळा. पाठीतली जुनी कळ वर चढायला लागली. वारा सुटला होता आणि बोट हळूहळू आडवी होऊन आमच्या काठाकडं सरकू लागली होती. बुडालेल्या झाडांची काळी टोकं मला दिसत होती, आधी लांब, मग इतकी जवळ की त्यांच्यावरचे पाणकावळे मोजता यावेत.

"बास झालं हौसा. झाकण काढू दे."

"अजून दोनदा."

मी दोनदा मारलं. काही नाही.

"आता काढा," ती म्हणाली. "पर हळू. आन गप ऱ्हावा सगळी."

मी झाकण एक आटा फिरवलं, दुसरा फिरवला. तिसऱ्या आट्याला टाकीतून आवाज आला. सूं करून लांब, आत ओढलेला श्वास. इंजिन चालू करायच्या गडबडीत, माणसांच्या बोलण्यात, तो मला महिनाभर कधी ऐकू आला नव्हता.

मी हँडल मारलं. दुसऱ्याच फेऱ्याला इंजिन पेटलं. मी दांडा वळवला आणि बोट खोडांपासून बाजूला काढली.

हौसा खाली बसली. "गाळ्यात पंधरा किलोचा तेलाचा डबा यायचा," ती तात्यांना सांगू लागली. "त्याला एकच भोक पाडलं तर तेल जरा येळ येतंय, मग गुडगुड करतंय आन अडतंय. दुसरं भोक पाडल्याबिगर येत न्हाई. वारं आत जाया लागतंय. हिला दुसरं भोकच न्हाई, आसं मला वाटत हुतं."

"हाय की," तात्या म्हणाले. "झाकणालाच हाय. बारीक. आण हिकडं ते."

मी झाकण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठ्यानं मधला भाग चाचपला. एकदा, दोनदा. मग नखानं खरवडलं. नखात निळा पोपडा आला. ते झाकण त्यांनी डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, नाकाला लागेल इतकं, आणि तसेच धरून बसले.

"मीच बुजवलं," ते म्हणाले.

मी वाकून झाकणाकडं बघितलं.

"पितळी हाय ते. रंग द्यायचा नसतो त्याला. मला कुटं पितळ आन कुटं लोखंड दिसत हुतं? हाताला लागंल त्याला रंग देत गेलो. दोन-दोन हात दिलं." त्यांनी झाकण खाली घेतलं. "तू म्हणालास ते खरं हाय आनंदा. रंग देऊनच फसवलं मी तुला."

"तात्या, असं म्हणू नका."

"पोरी, पिन हाय का?"

हौसानं बांगडीतली सेफ्टीपिन काढून दिली. तात्यांनी झाकण मांडीवर धरलं आणि चाचपत, दोनदा बोटाला टोचून घेऊन, रंग पोखरून काढला. मग भोक ओठाला लावून फुंकर मारली. वारं पलीकडं गेलं. त्यांनी झाकण स्वतः टाकीला बसवलं.

त्यानंतर आम्ही पाण्यावर अर्धा तास फिरलो. मग आणखी पाव तास. तात्यांच्या बुडालेल्या खाचरांवरून, ठकूआजीच्या देवळावरून, परत. इंजिन एकदाही अडलं नाही. कुणालाही परत जायची घाई नव्हती आणि त्याचं कारण तिघांनाही ठाऊक होतं. काठावर ती ओटी होती, आणि मी तिथं जे बोललो होतो ते अजून तिथंच होतं.

"तात्या," मी शेवटी म्हणालो, "पावण्यांना मी सांगतो. माझं चुकलं म्हणून सांगतो."

"सांग," ते म्हणाले. "पर आदी मला बोलू दे."

आम्ही वर गेलो तेव्हा पाहुण्यांची जेवणं झाली होती. पानं लागली होती, पण कुणी तोंडात घातलं नव्हतं. धनावडे अण्णांची काठी हाताशी होती. उठायच्या बेतानं बसलेली माणसं लगेच ओळखू येतात.

तात्या ओटीच्या पायरीपाशीच उभे राहिले. "पावनं," ते म्हणाले, "हे पोरगं मगाशी बोललं ते खरं हुतं. बोट बंद पडत हुती आन ती माझ्या हातानं पडत हुती. टाकीच्या झाकणाचं भोक मी रंगानं बुजवलं. दिसलं न्हाई मला. महिनाभर ह्यानं आन ह्याच्या बोटीतल्या माणसांनी जीव मुठीत धरला. हे तुमाला ठावं आसलेलं बरं. घर बगायला आलाय, तर हेबी बगा."

मला वाटलं होतं ते माझी चूक काढतील, रागावतील, निदान दोन शब्द ऐकवतील. मी तयार होतो. ह्याला मी तयार नव्हतो. ठरवून आणलेलं सगळं विसरलं.

"तात्यांनी फसवलं न्हाई," मी कसाबसा म्हणालो. "मी न इचारता, न बगता बोललो. पोरीच्या बगण्याच्या दिवशी बोललो. ह्या हिनं सांगितलं नसतं तर अजून बोलतच बसलो असतो."

हौसा अंगणात मागं उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं, तशी तिनं पदर सारखा केला.

धनावडे अण्णांनी बरोबरच्या माणसांकडं बघितलं. एकजण खाकरला. मग अण्णा काठी घेऊन उठले आणि मला वाटलं, संपलं. आत माजघरात भांडं पडल्याचा आवाज आला.

"आमाला साडेतीनची यष्टी गाठायची हाय," अण्णा म्हणाले. "येताना लांबनं आलो. तुमच्या बोटीचं ऐकून हुतो म्हणून. दोन तास चालून माझं पाय भरल्यात." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पल्याड सोडतूस का?"

"सोडतो," मी म्हणालो.

सहा पाहुणे बोटीत बसले. त्यातल्या दोघांनी फळी घट्ट धरली होती. तात्याही आले, हौसाच्या हाताला धरून, आणि इंजिनाजवळच्या आपल्या जुन्या जागेवर बसले. निघालो.

वीस मिनिटं झाली. मी घड्याळ बघत नव्हतो, पण अंगाला वेळ कळत होता. धनावडे अण्णा पाण्याकडं बघत होते. पंचवीस झाली. हौसाची मान इंजिनाकडं वळलेली होती. अर्धा तास होऊन गेला. फळी धरलेल्या दोघांनी एकेक करून हात सोडले, आणि त्यातल्या एकानं खिशातून तंबाखूची डबी काढली.

पलीकडचा काठ जवळ आला. उभी यष्टी दिसायला लागली. तेव्हा अण्णांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. प्रश्न मला होता, पण बघत होते ते तात्यांकडं.

"ह्या बोटीत एका खेपेला किती माणसं बसत्यात?"

तात्यांचा हात इंजिनाच्या पेटीवर होता. तो तिथंच राहिला.

"वीस," हौसा म्हणाली. "पोरंबाळं धरून पंचवीस."

अण्णांनी मनाशी काहीतरी जुळवलं.

"मग वऱ्हाडाला चार खेपा कराव्या लागतील," ते म्हणाले.